कार्ड उतरेपर्यंत

थांबारावांचं खरं नाव बँकेला, बायकोला आणि थोरल्या बहिणीला ठाऊक आहे. बाकीच्यांनी त्यांचे थांबाराव केले, त्याला कारण आहे. व्हिडिओ स्टुडिओच्या मागच्या अरुंद खोलीचं दार कोणीही, कधीही ढकललं तरी आतून आधी "थांबा!" असा आवाज यायचा आणि मग जरा दमलेल्या सुरात, "उतरतंय."

उतरतंय म्हणजे कार्ड. समारंभाला गेलेला कॅमेरा संध्याकाळी परत येतो, तेव्हा त्याच्या पोटातल्या नखाएवढ्या कार्डात अख्खा समारंभ असतो. भाषणं, टाळ्या, रडणं, आणि कॅमेऱ्यासमोरून मुद्दाम दोनदा जाणारे काका, सगळं. ते कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याला त्याला आपापल्या खणात नेऊन बसवायचं आणि कार्ड पुसून सकाळच्या शूटिंगसाठी मोकळं करायचं. चित्रण करणाऱ्याचं लोक कौतुक करतात, ते कापून-जोडून गोड करणाऱ्याचंही करतात. उतरवणाऱ्याला मात्र फक्त खोलीतले डास ओळखतात. थांबाराव दिवसा एडिटर होते आणि संध्याकाळी उतरवणारे, त्यामुळे निम्मं कौतुक आणि सगळे डास त्यांच्या वाट्याला आले होते.

उतरवताना पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते. ती आधी म्हणते, दहा मिनिटं राहिली. मग विचार करून म्हणते, दोन तास. "निघतेच हं आता" म्हणून दारात तासभर उभ्या राहणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात, त्यांच्यातलीच ही एक. बरं, तिला सोडून उठावं, तर मध्येच ती थबकून विचारणार, 'या नावाची फाइल आधीच आहे, काय करू?' आणि उत्तर मिळेपर्यंत हूं की चूं करणार नाही. शिवाय कार्ड खोचायचं यंत्र इतकं सैल झालेलं, की त्याला रबरबँड बांधून वर अंगठा ठेवावा लागे. वर्षानुवर्षं दाबून दाबून थांबारावांचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चपटा झाला होता. ते कोणाला 'छान' अशी खूण करत, तेव्हा ती जरा उदासच दिसे.

त्यांची बायको बेकरीत कामाला होती. पहाटे सगळं जग कूस बदलत असताना ती घराबाहेर पडे आणि संध्याकाळी दिवे लागले की तिचे डोळे मिटू लागत. थांबाराव घरी पोचत तेव्हा ती झोपलेली असे आणि ती उठे तेव्हा ते. संसार म्हणायचा, पण चालायचा पाळीतल्या कामगारांसारखा. मुलगी घरात होती तोवर मध्ये निदान टपाल खातं होतं. "बाबा, आई म्हणत्ये नळ गळतोय." "आईला सांग, रविवारी बघतो." मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, तसं ते खातंही बंद पडलं. नळ अजून गळतोय.

बायको त्यांचं ताट वाढून झाकून ठेवत असे. एका रविवारी भाजी चिरता चिरता, आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "अहो, उद्यापासून ताट नाही झाकणार मी. पातेल्यातनं घेत जा."

"का गं? रागावलीस?"

"छे हो. दमले. रोज एकटीनं जेवायचं आणि वर दुसरं ताट झाकायचं. न येणाऱ्या पाहुण्याची वाट बघितल्यासारखं वाटतं."

भांडली असती तर थांबारावांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर असतं, निदान उलट भांडण तरी असतं. दमण्याला काय उत्तर देणार? आणि दमण्यातलं त्यांना इतकं कळत होतं, की बायकोच्या आवाजातली पातळी त्यांनी लगेच ओळखली. ही शेवटच्या पायरीवरची दमणूक होती. याच्या पुढची पायरी म्हणजे, "तुम्ही या नाहीतर नका येऊ." त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, काहीही होवो, संध्याकाळचं जेवण बायकोबरोबर घरी. माणसं आयुष्याकडे काय काय मागतात! थांबारावांनी एक जेवण मागितलं, तेही घरचंच.

ते मालकांकडे गेले. मालक मायाळू गृहस्थ. कोणालाही कधी 'नाही' म्हणत नसत, 'बघू' म्हणत. त्यांची आणखी एक लकब होती. त्यांच्या बोलण्यात 'आपण' आलं की ओळखावं, काम थांबारावांचं आहे. "आपण जरा उशिरा थांबू," "आपण एवढं आजच संपवू." स्वतः मालक हे वाक्य चपला घालत म्हणत.

"संध्याकाळी उतरवायला कोणीतरी ठेवू या का?" थांबारावांनी विचारलं.

"बघू," मालक म्हणाले. "तोवर आपण करू."

मग थांबारावांनी कॉम्प्युटरकडून सगळं आपोआप उतरवून घेणारं यंत्र करायचं ठरवलं. आळशी माणूस दमला की झोपतो. कष्टाळू माणूस दमला की यंत्र बनवायला घेतो आणि आणखी दमतो. डबा खायच्या सुट्टीत एका हातात घास आणि एका हातात माउस धरून ते शिकत राहिले. पहिल्या प्रयोगात यंत्रानं मालकांच्या गुडघ्याचे एक्स-रे एका कंपनीच्या वार्षिक सभेत नेऊन बसवले. दुसऱ्या प्रयोगात सगळी सभाच उलट्या क्रमानं आली. आधी आभार, मग चहा, मग वाद, मग स्वागत. (सभा अशी जास्त बरी वाटत होती, असं थांबारावांचं मत.) पण शेवटी जमलं. पदरमोड करून त्यांनी कार्ड खोचायचं नवं, घट्ट यंत्र आणलं, आणि कार्ड आत सरकवलं की बाकी सगळं आपोआप होऊ लागलं. तुकडे उतरायचे. आधीच उतरलेला तुकडा असला तर तो नाव आणि तारखेवरून ओळखून यंत्र पुढे जायचं. सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्या त्याच्या खणात सगळं बसायचं, आणि सगळं पोचलंय अशी खात्री झाली की कार्ड पुसलं जायचं. वर 'टिंग' असा आवाज. मालकांनी तो तीनदा वाजवून ऐकला आणि म्हणाले, "वा! आपण काय यंत्र केलंय!"

पहिल्या संध्याकाळी थांबाराव उजेडात घरी पोचले. शेजारच्या कुत्र्याला त्यांची उजेडातली सवय नव्हती, ते भुंकलं. बायकोनं दार उघडलं आणि तिचा हात छातीवर गेला.

"काय झालं? काढून टाकलं का तुम्हाला?"

"नाही गं. आपलं आपण उतरतंय. मी आलो."

दोघं समोरासमोर जेवायला बसले आणि काय बोलावं ते कोणालाच सुचेना. "हे पातेलं नवं वाटतं," थांबाराव म्हणाले. "चार वर्षं झाली त्याला," बायको म्हणाली. मग थांबारावांनी घास हातात धरूनच डुलकी काढली. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गाडी सुरू झाली. बेकरीतला भट्टीवाला आणि मळणारी यांचा महिनाभर अबोला होता आणि दोघं एकमेकांना निरोप पावावर पिठानं लिहून देत, हे थांबारावांना कळलं. ते इतके हसले की बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. हा माणूस हसतो, हे तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

आता दाजींबद्दल सांगायला हवं. मुख्य कॅमेरा चालवायचे ते दाजी, म्हणजे थांबारावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. थांबारावांना ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती, आणि ती गोष्ट निदान एक माणूस कधी विसरला नव्हता: दाजी. त्यांच्या कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ बिघडलेलं होतं. बॅटरी काढून घातली की कॅमेऱ्याला वाटायचं आपण आत्ताच जन्मलो. त्यामुळे दाजींचे सगळे समारंभ एकाच जुन्या एक जानेवारीला व्हायचे, आणि कार्ड पुसलेलं असल्यानं तुकड्यांचे आकडेही दर वेळी एकापासून सुरू व्हायचे. फार वर्षांपूर्वी थांबारावांनी हळूच सुचवलं होतं, "दाजी, तेवढी तारीख लावत चला." दाजी म्हणाले, "आता तू मला कॅमेरा शिकव." आणि त्या रविवारी थांबारावांकडे जेवायला येऊन नुसतं पाणी प्यायले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीच्या यजमानांना बोलणं म्हणजे बहिणीलाच बोलणं. थांबारावांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून दाजींचं कार्ड उतरवताना ते प्रत्येक तुकड्याचं नाव आणि तारीख गुपचूप बदलत. पुढे पुढे हे काम डोक्यातून गेलं आणि बोटांत जाऊन राहिलं. म्हणूनच यंत्राला सगळं शिकवताना हे शिकवायचं राहून गेलं. डोकं शिकवत होतं, बोटांना कोणी विचारलंच नाही.

यंत्र लागल्यावर दाजींचा पहिला समारंभ सुखरूप उतरला. मग दाजींची कंबर धरली आणि ते आठवडाभर घरी होते. बरे होऊन आले ते थेट पोहण्याच्या तलावावर. तिथल्या कोचबाई निवृत्त होत होत्या. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं, आणि निरोपाच्या दिवशी त्या स्वतः उंच फळीवरून एक शेवटची उडी मारणार होत्या. बाईंचं वय सत्तर. गुडघ्यांनी परवानगी दिली होती ती 'शेवटची' या अटीवरच. दुसरा कॅमेरा लांब गॅलरीत होता, त्यात माणसं मुंग्यांएवढी. जवळून चित्रण सगळं दाजींचं. संध्याकाळी कार्डं यंत्रात गेली, 'टिंग' झालं, थांबाराव घरी जाऊन जेवले आणि शांत झोपले.

सकाळी त्यांनी काम उघडलं. गॅलरीचा खण भरलेला. दाजींचा खण रिकामा.

क्षणभर त्यांना वाटलं चष्मा विसरलो. मग बोटं आपण होऊन तारीख बदलायला उठली, बदलायला काही सापडेना, आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं. तेच नाव, तीच एक जानेवारी. यंत्राला वाटलं, हे तर मागच्या आठवड्यातलंच, आधीच उतरलेलं. त्यानं शहाण्यासारखा एकही तुकडा घेतला नाही आणि सगळं पोचलंय अशी खात्री करून कार्ड पुसून टाकलं.

कार्ड दाजींबरोबर सकाळच्या शूटिंगला गेलं होतं. थांबारावांनी फोन लावला. "दाजी, कॅमेरा चालू करू नका!"

"का रे? नुसता बूट घेतलाय अजून." शूटिंगच्या आधी दाजी स्वतःच्या बुटाचं चित्रण करून कॅमेरा तपासत. पुसलेल्या कार्डावरचं परत मिळू शकतं, पण त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच. आता कोचबाईंच्या समारंभात कुठेतरी दाजींचा बूट पडला होता, आणि कुठे ते देवाला ठाऊक.

दुपारी कार्ड परत आलं, पाठोपाठ दाजी आले, आणि मालकही आले.

"बाईंना परत उडी मारायला सांगितली तर?" मालक म्हणाले. "आपण विचारून बघू."

थांबारावांनी हरवलेलं शोधायचं सॉफ्टवेअर लावलं. त्यालाही पट्टी होती, उतरवायच्या पट्टीची थोरली जाऊ शोभावी अशी. बराच वेळ ती जागची हललीच नाही.

"यंत्रावर भरवसा ठेवायचा म्हणजे असंच होणार," दाजी म्हणाले. "मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उभा राहून घेतलं होतं सगळं. या कमरेनं!"

"बंद कर ते यंत्र," मालक म्हणाले. "आजपासून आपण पूर्वीसारखं हातानं करू."

खोलीत पंखा गरगरत होता. थांबारावांना बायकोचा तो आवाज आठवला, न चढलेला. ते खुर्चीतून उठले नाहीत, उठायचं त्राणही नव्हतं. बसल्या जागेवरून, पडद्याकडे बघत म्हणाले, "दाजी, तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बंद आहे."

"काय?"

"आजचं नाही. फार वर्षांचं. मी रोज गुपचूप दुरुस्त करत होतो."

"म्हणजे चूक माझी?"

"निम्मी माझी. मी तुमचा मान ठेवत आलो. यंत्राला दाजी कळत नाहीत."

दाजींनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी पंख्याकडे पाहिलं. दाजींनी बॅग उचलली, कॅमेरा त्यात नेहमीपेक्षा जोरात ठेवला, आणि दार आपटायला गेले. पण ते स्टुडिओचं दार, आवाज होऊ नये म्हणून स्पंज लावलेलं. 'फुस्स' झालं. त्यानं त्यांचा राग आणखी वाढला असणार.

तासाभरात ताईचा फोन आला. "काय बोललास रे ह्यांना? आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेत."

"घड्याळ लावा म्हटलं कॅमेऱ्याचं."

थांबारावांनी डोळे मिटले. मग ताई म्हणाली, "एवढंच? आमच्या घरातली सगळी घड्याळं मीच लावते. आतला सेल मिळतो का बाजारात?"

"मिळतो."

"उद्या घालून पाठवते. त्यांना सांगू नकोस. आणि रविवारी आम्ही जेवायला नाही येणार हं, थोडे दिवस."

"बरं," थांबाराव म्हणाले. या वेळी ताईच्या आवाजात रडू नव्हतं, एवढं त्यांनी ऐकून घेतलं.

उन्हं उतरली तेव्हा पट्टी जेमतेम निम्म्यावर आली होती. थांबारावांनी यंत्राकडून कार्ड पुसायचं काम काढून घेतलं. ते आता रोज सकाळी, स्वतः बघून, तेच करणार होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पिशवी खांद्याला लावली.

"अरे, कुठे?" मालक दारात आडवे आले. "ती पट्टी चालू आहे अजून!"

"चालू दे. मी बघत बसलो म्हणून ती लाजून पळणार नाही."

"आणि ते यंत्र?"

"यंत्र राहील. आता पुसत नाही ते. दाजींच्या घड्याळाचंही होतंय."

"पण काही अडलं तर? इथे बसायला कोणीतरी हवं ना! कोण बसणार?"

"आपण," थांबाराव म्हणाले आणि बाहेर पडले.

हे शब्द आपल्या तोंडून गेले यावर त्यांचा कोपऱ्यापर्यंत विश्वास बसला नाही. रस्त्यावर दुकानदार पाट्यांचे दिवे लावत होते. थांबारावांचे पाय शिशाचे झाले होते, नोकरी राहते की जाते याचा हिशेब लागत नव्हता, आणि कोचबाई त्यांच्या पापण्यांच्या आत सारख्या फळीवर चढत होत्या.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत वाढत होती. "दाजींना तोंडावर सांगितलंत?" तिनं विचारलं. "तोंडावर नाही, पडद्याकडे बघून," ते म्हणाले. "तेही पुष्कळ झालं," ती म्हणाली.

पहिला घास घेतात तोच फोन वाजला. मालक. "अरे, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात मध्येच बूट येतोय! चांगला दोन मिनिटं!"

"बरं झालं," थांबाराव म्हणाले. "भाषण फार लांब होतं."

दुसरा घास. पुन्हा फोन. "काहीतरी विचारतंय! हो दाबू की नाही?"

बायकोनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "ते जेवतायत. तुम्ही काही दाबू नका. वाचून दाखवा मला." तिकडून मालकांनी चाचरत वाचलं. तिनं थांबारावांकडे पाहिलं, थांबारावांनी घास चावत मान हलवली. "हो दाबा," तिनं सांगितलं. "आता हात मांडीवर ठेवून बसा. आम्ही रोज बसतो तसे."

थांबारावांना ठसका लागला. तिनं पाणी पुढे केलं.

मग बराच वेळ फोन आला नाही. आता येतच नाही म्हणून तिनं भांडी आवरायला घेतली आणि तो आला. मालकांचा आवाज इतका चढला होता, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "सापडली! उडी सापडली! पण बाई हवेत आहेत! वर गेल्या, हात पसरले, आणि तिथेच तुटलं! पुढे काळं! आता?"

थांबाराव फोनकडे वाकून म्हणाले, "पाणी गॅलरीच्या कॅमेऱ्यात आहे. हवेतून तिकडे जोडता येतं. सकाळी बघू."

"सकाळी? तोवर बाई काय हवेतच?"

थांबारावांना उत्तर द्यायचं होतं, पण जांभई आली, ती लांबली. बायकोनंच उत्तर दिलं.

"राहू देत जरा हवेत," ती म्हणाली. "जन्मभर दुसऱ्यांना पाण्यात ढकललंय त्यांनी." आणि फोन बंद करून तो तिनं पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. "तुम्हाला अजून वाढू?"

"वाढ," थांबाराव म्हणाले. "थोडंच."